पोराला विद्यावेतन, मिस्त्रीला काय?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'अकरावी-बारावीच्या मुलांसाठी शासनाच्या मदतीने शिकाऊ उमेदवारी'. त्यातली एकच गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती सांगायला कोणी बोलावलं तर मी मिळेल त्या एसटीने जातो. मुलाला विद्यावेतन किती, त्यातलं सरकारचं किती, कंपनीचं किती, याची चर्चा आपण साठ वर्षं करतोय. त्या मुलाला कामावर उभं राहून शिकवतो कोण, आणि त्याच्या त्या वेळेचे पैसे कोण देतं, हे कोणी विचारत नाही.

समोर एमसीव्हीसीचे, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाचे, बरेच सर-मॅडम दिसतायत, त्यांना इतिहास सांगायची गरज नाही. तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. 1986 साली त्यात दुरुस्ती झाली आणि बारावीला व्यवसाय अभ्यासक्रम केलेल्या मुलांना त्यात जागा मिळाली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं होतं की उच्च माध्यमिकची 10 टक्के मुलं 1990 पर्यंत आणि 25 टक्के मुलं 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळतील. आपल्याकडे 1988-89 पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. बारावी झाली की वर्षभर 'टीव्ही अप्रेंटिस', म्हणजे टेक्निशियन (व्होकेशनल) उमेदवारी, निम्मं विद्यावेतन केंद्राचं आणि निम्मं मालकाचं. ते 25 टक्के काही आले नाहीत. 2020 च्या धोरणात पुन्हा आकडा आला, 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत व्यवसाय शिक्षण पोचवायचं. आकडा मोठा असावाच, माझी तक्रार तिथे नाही.

माझी तक्रार कुठे आहे ते सांगतो. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात विजेच्या उपकरणांची देखभाल-दुरुस्ती शिकवत होतो. ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, मुलं एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यात पाठवायचो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण असे कारखाने तुमच्याही तालुक्यात आहेत. पोरं सकाळी गेटवर सही करायची, पिवळी टोपी घालायची आणि पॅनेलपासून चार हात लांब उभी राहायची. हात लावायचा नाही, अपघात झाला तर जबाबदार कोण? मग रजिस्टर लिहा, स्टोअरमधून नटबोल्ट आणा, चहा आला का बघा. शेवटी प्रत्येकाला शिक्क्याचं प्रमाणपत्र, शेरा 'उत्तम'. हसताय म्हणजे तुमच्याही पोरांना हेच मिळालेलं आहे. तिथला सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर दिवसाच्या उत्पादनाचा आकडा होता, आणि पोराला शिकवण्यात गेलेला तास त्या आकड्यात कुठेच धरला जात नव्हता.

एका वर्षी कारखान्याने एक मुलगा कमी घेतला. उरलेल्याला मी बाजारपेठेतल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात नेऊन बसवलं. मिस्त्री स्वतः आणि दोन पोऱ्ये, एवढंच दुकान. दिवस रब्बीचे. या सभागृहात शेतकऱ्यांची मुलं असतील त्यांना सांगायला नको, गव्हाला पाणी द्यायच्या वेळेला मोटार जळली की घरात काय होतं. दुकानाच्या दारात जळक्या मोटारींची रांग लागलेली असायची.

पहिले काही दिवस मिस्त्रीने त्याला फक्त जळकी वाइंडिंग सोडवायला लावली. पण नुसती उपटायची नाही. एका कॉइलमध्ये फेरे किती, तार किती गेजची, स्लॉट किती, कितव्या स्लॉटमधून निघून कितव्यात शिरते, सगळं वहीत लिहायचं. मी बारावीला जे फळ्यावर शिकवत होतो ते त्या काळ्या पडलेल्या तांब्यात तो पोरगा बोटांनी मोजत होता. मग इन्सुलेशनचा कागद कापणं, फॉर्म्यावर कॉइल बनवणं, आणि एक दिवस मिस्त्री म्हणाले, ही पाच एचपीची पूर्ण तू भर.

त्याने भरली. चालू केली तर मोटार गुरगुरली, फिरेना, आणि तापायला लागली. एक कॉइल उलटी जोडली गेली होती. मिस्त्रीला ते आवाजावरूनच कळलं होतं. शेतकरी दारात उभा, ट्रॅक्टर सुरूच. मिस्त्रीने दहा मिनिटांत ती कॉइल स्वतः शोधून बदलली असती. त्याऐवजी त्यांनी शेतकऱ्याला चहा पाजला, गल्ल्यातून एक छोटं होकायंत्र काढून पोराच्या हातात दिलं, बॅटरीचा डीसी सप्लाय एका फेजला दिला आणि म्हणाले, आतून एकेक गट फिरव आणि सुई बघ. सुई एका गटाला उत्तर दाखवते, पुढच्याला दक्षिण, मग पुन्हा उत्तर. जिथे हा क्रम चुकला तिथे तुझी चूक. पोराला शोधायला दुपार झाली. शोधली. व्हार्निश त्यानेच मारलं, इन्सुलेशन तपासायचा मेगर त्यानेच लावला.

संध्याकाळी मी हजेरीवर सही घ्यायला गेलो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सर, पोरगं हुशार आहे, राहू द्या. पण आज माझ्या दोन मोटारी मागे पडल्या. तुमच्या कागदात याला कुठे रकाना आहे का?"

रकाना नव्हता, आजही नाही. उलट 2019 च्या नियमांनुसार चारपेक्षा कमी माणसांची आस्थापना या कायद्यात येतच नाही. तीस किंवा जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीस असतील तर मालकाची मर्जी. दोन पोऱ्यांचा मिस्त्री कायद्याच्या हिशेबी शिकवणाराच नाही. आणि पिवळ्या टोपीवाला कारखाना मात्र प्रशिक्षण देणारा!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

बाहेर हे कसं करतात? स्वित्झर्लंडमध्ये शाळेनंतर साधारण दोन तृतीयांश मुलं उमेदवारीकडे जातात, आठवड्यातले तीन-चार दिवस कामावर आणि एक-दोन दिवस शाळेत. कामावर शिकवणाऱ्याने स्वतः आधी चाळीस तासांचा शिकवण्याचा वर्ग केलेला असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 1991 पासून आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी राज्याचीच योजना आहे. वर्षाला किमान 450 तास पगारी काम, आणि प्रत्येक मुलामागे कामावरचा एक ठरलेला माणूस. मुलाला काय काय जमलं त्याच्या यादीवर तो सही करतो. 'उत्तम' लिहून भागत नाही.

आपल्याला तासाचा हिशेब जमत नाही असं कोणी म्हणू नये. 2016 च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत मूलभूत प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राला 500 तासांचे 7500 रुपयांपर्यंत देण्याची सोय होती, म्हणजे तासाला पंधरा रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण शिकवण्याचा तास पैशात मोजता येतो हे सरकारनेच मान्य केलं. तोच तास प्रशिक्षण केंद्राच्या दाराबाहेर, मिस्त्रीच्या बाकड्यापर्यंत आणा. विद्यावेतनातला सरकारचा वाटा 25 टक्के आणि जास्तीत जास्त महिना 1500 रुपये ठरला, तसाच शिकवणाऱ्या कामगाराचा भत्ता ठरवा. तो कंपनीच्या खात्यात नको, त्या माणसाच्या खात्यात जमा करा.

दुसरं, लहान दुकानांना एकेकटं आत घेता येत नसेल तर गटाने घ्या. बाजारपेठेतले आठ-दहा वाइंडिंगवाले, गॅरेजवाले, वेल्डर मिळून एक आस्थापना, आणि तालुक्याचं आयटीआय त्यांचं कागदपत्र सांभाळेल. कायद्यात उमेदवाराचं किमान वय 14 आहे, धोक्याच्या कामाला 18. त्यामुळे कुठलं काम अकरावीच्या मुलाला द्यायचं आणि कुठलं नाही, याची यादी व्यवसायवार करावी लागेल. ती आयटीआयचे निदेशक आणि मिस्त्री एकत्र बसून करतील, मंत्रालयात बसून व्हायची नाही.

तिसरं, मुली. यावर खरं तर तासभर बोलायला हवं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, पण तो गाव ते शाळा असा. कामाची जागा दुसऱ्या गावी असली की तिकीट काढावं लागतं, आणि घरचे म्हणतात, कशाला जातेस. पासावर कामाचं ठिकाण लिहायला आगारात एक आदेश पुरेल. हे इथल्या जिल्हा परिषद सदस्यांनी लगेच हातात घ्यावं. मी अर्जाचा मसुदा आणलाय, खाली चहाच्या टेबलाशी मिळेल. मिस्त्रींच्या भत्त्याचं निवेदनही तिथेच ठेवलंय. सही करताना तुमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीचं नाव आणि दुकान त्यात लिहा, म्हणजे तालुक्यात शिकवायला तयार असलेली माणसं किती, याची पहिली यादी आजच सुरू होईल.