उरलेल्या तीन डिस्कांचं काय?

चार डिस्कांच्या रेड ५ मधली (सर्व्हरच्या डिस्का अशा जोडायच्या की एक बंद पडली तरी डेटा राहतो, दुसरी पडली तर जातो) एक गेली की सगळे तिच्याच मागे लागतात. पिवळा दिवा लागलाय, नवी मागवा, बदला. मी तिच्याविषयी फार बोलणार नाही. ती गेली. आता सगळा डेटा उरलेल्या तिघींच्या भरवशावर आहे, आणि त्या तिघी बहुतेक तिच्याच खोक्यातून आलेल्या, तिच्याइतक्याच राबलेल्या.

डिस्क बिघडेपर्यंतचा सरासरी काळ कंपनी कागदावर छापते १० लाख तास. म्हणजे ११४ वर्षं! त्याचा खरा अर्थ एवढाच की हजार डिस्का चालवल्या तर वर्षाला साधारण नऊ जातील. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ साली मोठ्या यंत्रणांत प्रत्यक्ष बदललेल्या डिस्का मोजल्या, तेव्हा वर्षाला २ ते ४ टक्के निघाल्या, कुठेकुठे १३ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी गूगलच्या लोकांनी लाखाहून जास्त डिस्कांचा हिशोब मांडला. पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासते तेव्हा सापडलेली चूक) दिसली की ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट. पण गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त अशा होत्या, की स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. तेव्हा स्मार्ट जरूर बघा, पण रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नका.

खरी परीक्षा रिबिल्डची, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करण्याची. नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ४ टीबीची डिस्क, सेकंदाला १५० एमबी धरा, तरी सात तासांच्या वर जातात, तेही सर्व्हरवर दुसरं काम नसेल तर. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फायली तेव्हा पहिल्यांदा वाचल्या जातात, आणि खराब सेक्टर (डिस्कचा वाचता न येणारा तुकडा) नेमका तिथेच दबा धरून असतो. डेबियन लिनक्सवर रेड सांभाळणारं एमडीएडीएम महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्खा रेड आपोआप वाचून तपासतं, ते याचसाठी. आणि आपण? 'रविवारी सर्व्हर स्लो होतो' म्हणून ते बंद करतो.

एका पतसंस्थेत रेडमधली एक डिस्क गेली, तेव्हा माझीच चूक झाली. रात्री फोनवर तिथल्या मुलाला म्हटलं, "अरे, दोन नंबरची काढ." मशीनचे खाने शून्यापासून, त्याची मोजणी एकपासून. त्याने चांगली डिस्क ओढली. रेड बंद! "सर, नवीन रेड क्रिएट करू का?" मी ओरडलोच. क्रिएट चुकीच्या क्रमाने झालं आणि सिंक (डिस्का एकमेकींशी जुळवून पुन्हा लिहिणं) सुरू झाला, तर उरलंसुरलंही पुसलं जातं.

मशीन बंद करवलं आणि सकाळी तिथे पोचलो. ओढलेली धरून तिन्ही डिस्कांच्या आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कांवरून डेटा उचलणाऱ्या प्रोग्रामने प्रती काढल्या. ते शहाणं आहे: जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडणारं मागे ठेवतं, आणि कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. मग प्रतींवर एमडीएडीएमचे इव्हेंट आकडे (रेडमध्ये बदल झाले की वाढत जातात ते) पाहिले. ओढलेली डिस्क बाकी दोघींच्या थोडीच मागे होती. फोर्स लावून, म्हणजे तेवढा फरक असूनही, जोडणी केली आणि फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती माउंट केली. खात्यांचा डेटाबेस उघडला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती.

आता त्या प्रत्येक खान्यावर पांढऱ्या पट्टीवर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेत. मी फोनवर खान्याचा नंबर सांगतच नाही. तो आधी चार आकडे वाचतो, मी स्क्रीनवर जुळवतो, मग त्याने हात लावायचा.