व्याली

नमस्कार श्रोतेहो.

पहाट व्हायची असते. गोठ्यात रात्रभर गायीची ऊठबस चाललेली. मग पुढचे दोन खूर दिसतात, त्यांच्यावर टेकलेलं नाक, आणि थोड्याच वेळात ओलं वासरू खाली येतं. आई त्याला चाटायला लागते. जवळ उभा असलेला माणूस घराकडे तोंड करून ओरडतो, "व्याली!" आतून लगेच प्रश्न, "काय व्याली?" "कालवड!"

'विणे' किंवा 'व्याणे' हे ते क्रियापद. संस्कृतातल्या 'विजायते'पासून प्राकृतातून आपल्याकडे आलेलं. हिंदीतलं 'ब्याना' त्याचं भावंड. 'दुसऱ्या वेताची म्हैस' यातला वेत म्हणजे तिचं विणंच. कापड विणणं वेगळं, पण 'वीण' या शब्दापाशी दोघांची गाठ पडते: कापडाची वीण आणि माशांचीही वीण.

मला मात्र या क्रियापदाचा ताठपणा फार आवडतो. "तिने पत्र लिहिलं" म्हणताना कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद पत्राच्या मागे जातं. व्याणे तसं जात नाही. "गाय गोऱ्हा व्याली" असंच आपण म्हणतो. "गायीने गोऱ्हा व्याला" कुणी म्हणत नाही. गोऱ्हा पुल्लिंगी असला तरी क्रियापद आईलाच धरून राहतं. पिणे, शिकणे, नेसणे ही याच जातीची.

आता बाईबद्दल आपण काय बोलतो ते ऐका. "तिला मुलगा झाला." इथे कर्ता मुलगा. "तिची डिलिव्हरी झाली." कर्ता डिलिव्हरी. "तिने मुलीला जन्म दिला." इथे 'दिला' जुळतं जन्माशी. नऊ महिने जिने वाढवलं, कळा जिने सोसल्या, ती प्रत्येक वाक्यात थोडी बाजूला सरकलेली असते.

बाईला 'व्याली' म्हणणं आज अपमानाचं आहे, आणि ते म्हणूच नये. 'प्रसवली' पुस्तकात राहिलं. उरतं ते "बाळंत झाली". यात बाळही आहे आणि कर्ता तीच आहे. म्हणून मी ते जपून वापरते.

परवा भाचीच्या घरून फोन आला. "मुलगा झाला!" आनंदच झाला. मग मी विचारलं, "कधी बाळंत झाली? कशी आहे ती?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, "झोपलीय. खूप थकलीय."