खिळे निघाले, लाकूड राहिलं

(पडद्यावर: झाकणं काढलेली हार्मोनिका, बाजूने उजेड)

१२ छिद्रं. प्रत्येक छिद्राला ४ रीड, म्हणजे श्वासाने थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या जिभा. एकूण ४८. वरखाली या रीड बसवलेल्या पितळी पट्ट्या आणि मधे लाकूड. होनर या हार्मोनिका कंपनीच्या जुन्या २७० मॉडेलमध्ये हे लाकूड पेअरच्या झाडाचं असे.

श्वासातली ओल हे लाकूड वर्षानुवर्षं पीत राहतं. फुगतं, वाळतं, पुन्हा फुगतं. शेवटी त्याला चीर जाते. मग पट्टी नीट टेकत नाही, हवा निसटते आणि खालचे सूर दम खातात. अशा वेळी लाकूड काढून प्लास्टिक बसवा, असं सर्रास सांगितलं जातं. या टेबलावर लाकूड फेकलं जात नाही.

आता हात बघा. पट्ट्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. पातळ पातं खिळ्याशेजारी सरकवायचं, केसभर उचलायचं, पुढच्या खिळ्याकडे जायचं. घाई केली तर पितळ वाकतं. पातं खोल गेलं तर आतले नाजूक व्हॉल्व्ह, म्हणजे रीडमधून निसटणारी हवा अडवणाऱ्या पातळ झडपा, फाटतात. पट्टी निघाल्याबरोबर तिच्यावर खूण करायची: वरची की खालची.

(पडद्यावर: काचेवर पॉलिश पेपर, त्यावर फिरणारं लाकूड)

सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवलाय. लाकूड त्यावर अलगद फिरवायचं, जोर अजिबात नको. मधूनमधून स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघायचं. खालून उजेड दिसला की अजून काम बाकी आहे. चिरेत मेण भरायचं आणि मग पातळ लाखेचे हात द्यायचे, अगदी प्रत्येक कप्प्याच्या आतल्या भिंतीलाही. ओल शिरते ती तिथूनच, आणि नेमकी तीच जागा बहुतेक जण सोडतात.

खिळ्यांच्या जागी आता बारीक स्क्रू. पुढच्या वेळी उघडताना पातं लागणार नाही. भोक पाडताना उडालेला पितळेचा कीस मात्र कसून झटकावा लागतो. एक कण रीडच्या फटीत अडकला तरी तो सूर मुका होतो.

पिवळे पडून वळलेले व्हॉल्व्ह बदलले. नव्याच्या फक्त एका टोकाला गोंदाचा टिपका, दुसरं टोक मोकळं. स्लाइड, म्हणजे बाजूच्या बटणाने सरकणारी धातूची पट्टी, कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुतली. हे पाणी फक्त धातूसाठी, लाकडाला नाही.

सूर लावणं राहिलं होतं. रीड टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. तेही झालं.

वाजवण्याआधी हार्मोनिका काही मिनिटं तळहातात ऊब देत धरायची. थंड पितळेवर श्वासाची वाफ जमते आणि व्हॉल्व्ह चिकटतात. वाजवून झालं की छिद्रं खाली करून हलकेच झटकायची.

झाकणं लागली. पहिलं छिद्र, अगदी हळू फुंकर.

(निवेदन नाही. सूर विरेपर्यंत ऐकू द्यावा.)