सिपन्याच्या काठाने : परतवाडा ते धारणी

परतवाडा सोडून गाडी घटांगच्या चढाला लागली की वऱ्हाडातील काळी, सपाट शेती मागे पडते आणि गाविलगडाच्या डोंगररांगेतील सागाचे जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडते. पुढे बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या या रस्त्यावर एस.टी. आणि मालमोटारी नेहमीच्याच. परंतु सेमाडोह, कोलकास आणि हरिसालच्या टप्प्यात तो सिपना नदीच्या सोबतीने थेट मेळघाटातून जातो.

1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचे नाव होते, म्हणून येथे येणारा पाहुणा वाघाची आस धरूनच येतो. ती आस त्याने परतवाड्यातच ठेवून यावी, हे उत्तम. ताडोब्यात बरीचशी जमीन सपाट आहे आणि तळ्याकाठी वाट पाहता येते; येथे मात्र डोंगराच्या सोंडा, खोल घळी आणि खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या पाच नद्यांनी कापलेला मुलूख आहे. चार पावले टाकली की जनावर दिसेनासे होते. ज्या चढउतारांनी हे जंगल राखले, तेच त्यातील प्राणी आपल्या नजरेपासून लपवतात.

त्यामुळे काय दिसेल, हे बहुतांशी ऋतूच ठरवतो. श्रावणात रस्त्याच्या कडेला हिरवी भिंत उभी राहते आणि समोर केवळ धुके व पाणी उरते. साग पाने टाकू लागला की नजर नाल्याच्या तळापर्यंत पोहोचते आणि पाचोळ्यावरून साधे भेकर गेले तरी त्याची चाहूल लागते. गव्याचे मात्र उलटेच असते. एवढे प्रचंड जनावर, पण सावलीत स्तब्ध उभे राहिले तर आधी दिसतात ते पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, मग शिंगांचा बाक, आणि त्यानंतर तो काळाभोर खडक म्हणजे खांदा असल्याचे लक्षात येते. अशा वेळी गाडीतून उतरू नये आणि हॉर्नही वाजवू नये. गव्याला रस्ता ओलांडू द्यावा, एस.टी.वालेही थांबतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. पहाटे गळलेली फुले वेचायला येथील कोरकू आदिवासी बायाबापड्या टोपल्या घेऊन निघतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही त्याच झाडाखाली येते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची जुनी रीत आहे. तो जाळ आटोक्याबाहेर गेला की डोंगर पेटतो, म्हणून वनविभाग उन्हाळ्याआधीच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे, काढून ठेवतो.

पक्षीनिरीक्षक मात्र येथे येतात ते रानपिंगळ्यासाठी. 1884 नंतर या लहानशा घुबडाची खात्रीलायक नोंद नव्हती आणि ते नामशेष झाले असावे, असेच मानले जात होते. नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि पुढे मेळघाटातही आढळले. घुबड म्हणून त्याला रात्री शोधणे व्यर्थ आहे. भर दिवसा, सागाच्या निष्पर्ण फांदीवर तो उघड्यावर बसतो आणि शेपटीला झटके देत सरडे हेरतो. वाघाच्या शोधात डोळे जमिनीवर खिळवून बसलेल्यांच्या गाड्या त्याच्याच खालून धारणीच्या दिशेने निघून जातात.