तास किती झाले, हे विचारण्याआधी

(परदेशातील मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी सत्रात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी, पालकवर्ग आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

या सत्राची सूचना निघाल्यापासून माझ्याकडे जे प्रश्न आले, त्यांतले बहुतेक पालकांचे होते आणि सगळ्यांचा गाभा एकच होता: मुलांचे समाजसेवेचे तास लवकरात लवकर कुठे पूर्ण होतील? विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. शाळेने आकडा घालून दिला की तो गाठण्याची घाई होणारच. मात्र मी बरीच वर्षे एका स्थानिक सेवाभावी संस्थेत स्वयंसेवकांचे वेळापत्रक लावण्याचे काम केले आहे. सही मागणारा विद्यार्थी टेबलाच्या एका बाजूला उभा असायचा आणि सही करणारी मी दुसऱ्या बाजूला बसलेली असायचे. त्या दुसऱ्या बाजूने हा प्रश्न कसा दिसतो, तेवढेच आज सांगायचे आहे.

आधी आकड्यांबद्दल. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 1999 पासून माध्यमिक शाळेची पदविका मिळवण्यासाठी 40 तासांचा समाजसहभाग आवश्यक आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना साधारणपणे 75 तास भरावे लागतात, आणि त्यांत केवळ प्रत्यक्ष काम नव्हे, तर कामाआधीची तयारी आणि कामानंतरचे चिंतनही धरलेले आहे. अनेक देशांतील शाळांत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अर्थात आयबीच्या पदविका अभ्यासक्रमाची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. तिथे पूर्वी सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा या तिन्हींसाठी मिळून सुमारे 150 तासांचा दंडक होता. पुढे त्यांनी तास मोजणे सोडून दिले आणि त्याऐवजी किमान 18 महिने सातत्य राखण्याची अट ठेवली. मोजणाऱ्यांनाच आपले माप अपुरे वाटले, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्यापैकी अनेक पालक भारतात महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेत होते. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झालेल्या त्या योजनेतही तास होतेच, दोन वर्षांत 240, आणि शिवाय सात दिवसांचे शिबिर. पण तिथे गाव ठरवणारा, सरपंचांशी बोलणारा आणि कोणी कोणते काम करायचे हे सांगणारा कार्यक्रम अधिकारी महाविद्यालयातच असे. विद्यार्थ्याने यादीत नाव घातले की पुढची व्यवस्था होत असे. आज आपल्या मुलांपुढे बहुधा तशी व्यवस्था नसते. संस्था त्यांनी शोधायची, अर्ज त्यांनी करायचा, उत्तर आले नाही तर पुन्हा त्यांनीच विचारायचे. पालक ‘आमच्या वेळी तर सहज व्हायचे’ म्हणतात, तेव्हा हा फरक त्यांच्या लक्षात आलेला नसतो, आणि मुलांनाही तो सांगता येत नाही.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा हिशेब. स्वयंसेवक फुकट मिळतो, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या माणसामागे कोणाला तरी त्याची माहिती नोंदवावी लागते, त्याला इमारत दाखवावी लागते, आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचे हे सांगावे लागते, काम शिकवावे लागते आणि पहिले काही दिवस त्याच्या शेजारी उभे राहावे लागते. जिथे लहान मुलांशी किंवा परावलंबी प्रौढांशी संबंध येतो, तिथे पार्श्वभूमीची पडताळणीही करावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वयंसेवकांसाठी या पडताळणीचे शासकीय शुल्क माफ असते, पण अर्जदाराचे वय किमान 16 असावे लागते आणि कागदपत्रांची ये-जा चुकत नाही. हे सगळे करून तो विद्यार्थी तीन तास येऊन गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही, तर संस्थेच्या पदरात काम पडत नाही, उलट तिचाच वेळ जातो.

माझी स्वतःची एक चूक सांगते. एका शाळेच्या शिक्षकांनी शालान्त वर्षातील मुलांचे तास राहिले आहेत म्हणून विनंती केली आणि मी भिडेखातर एका शनिवारी बावीस मुलांना बोलावले. काम सहा जणांपुरतेच होते. डब्यांवरच्या तारखा तपासून ते वेगवेगळ्या फडताळांवर लावायचे, एवढेच. पहिल्या पाऊण तासात ते संपले. मग मी मुलांना लावलेले डबे काढून पुन्हा लावायला सांगितले. हे लिहून काढतानाही मला संकोच वाटतो आहे, पण घडले ते असेच. संध्याकाळी मी बावीस कागदांवर प्रत्येकी तीन तासांची सही केली. मुलांना कळले होते, मला कळले होते, आणि दोघांनीही ते बोलून दाखवले नाही. आपल्याकडे याला पाट्या टाकणे म्हणतात, आणि त्या दिवशी त्या मुलांना तो धडा मीच दिला.

डबे पुन्हा लावण्याने कोणाचे नुकसान झाले नाही. मुलांच्या गृहपाठ वर्गात मात्र नुकसान होते. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या अशा वर्गात आठ-नऊ वर्षांचे मूल एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसून वाचायला शिकते. त्याला अडखळायची लाज वाटेनाशी होईपर्यंत काही आठवडे जातात. आमच्याकडे एका मुलीला एका शैक्षणिक वर्षात पाच शिकवणारे लागोपाठ मिळाले, कारण प्रत्येकाचे तास संपत गेले. पाचवा आला तेव्हा तिने पुस्तक उघडण्याआधी त्याला विचारले, ‘तू कधी जाणार?’ त्यानंतर आम्ही नियम केला की गृहपाठ वर्गासाठी पूर्ण सत्र येण्याची तयारी असेल तरच नाव घ्यायचे. अर्ज निम्म्यावर आले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की विद्यार्थ्याने किती तास दिले यापेक्षा तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, किती महिने येत राहिला, यावर त्याची सेवा उपयोगी पडते की नाही हे ठरते. आठवड्यातून दोन तास, सलग वीस आठवडे, असे धरले तरी ऑन्टारिओचे चाळीस तास पूर्ण होतात. म्हणजे तासांचा प्रश्नही त्यातच सुटतो, फक्त तो शेवटच्या महिन्यात सोडवायचा नसतो.

गरज कुठे असते, याचाही अंदाज बहुतेकांना नसतो. वर्षअखेरीच्या सणासुदीत गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या फूड बँकांकडे मदतीला येणाऱ्यांची रीघ लागते आणि अनेकांना परत पाठवावे लागते. जानेवारीतल्या मंगळवारी दुपारी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मात्र फोन करूनही माणूस मिळत नाही. दर्शनी काम सगळ्यांना हवे असते. मागच्या खोलीतले काम, म्हणजे नोंदी संगणकात भरणे, देणगीत आलेल्या कपड्यांची वर्गवारी करणे, भेटीची वेळ ठरलेल्या वृद्धांना आदल्या दिवशी फोन करून आठवण देणे, हे पडून राहते. ग्रंथालयांत ज्येष्ठांना मोबाइल आणि ऑनलाइन अर्ज समजावून देणारी मुले हवी असतात, आणि तिथे चौदा-पंधरा वर्षांचे वय हा अडथळा न ठरता उलट गुण ठरतो, फक्त आजोबांच्या हातातला फोन स्वतःच्या हातात घेऊन बटणे दाबून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. वयाच्या अटी मात्र आधी पाहून घ्याव्यात. ‘हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी’ या गृहबांधणी संस्थेच्या बांधकामस्थळी सामान्यतः 16 वर्षे पूर्ण झालेल्यांनाच घेतात, आणि छपरावरचे किंवा विजेच्या हत्यारांचे काम 18 च्या आत दिले जात नाही.

आपल्या मुलांकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भाषा. मराठी, हिंदी आणि स्थानिक भाषा येणारा विद्यार्थी नव्याने आलेल्या कुटुंबाला शाळेचे पत्रक समजावून देऊ शकतो किंवा वृद्ध केंद्रात एकट्या पडलेल्या आजींशी गप्पा मारू शकतो, आणि हे काम दुसरा कोणी करू शकेलच असे नाही. परंतु दवाखान्यात डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये अल्पवयीन मुलाला दुभाषी म्हणून कधीही बसवू नये. अमेरिकेत 2010 च्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 1557 खालील नियमांनी आणीबाणीचा प्रसंग वगळता यावर बंदी घातली आहे, आणि त्यामागचे कारण कोणत्याही देशात तेवढेच लागू आहे: चुकीचा शब्द जिवावर बेतू शकतो, आणि गंभीर निदान सांगण्याचे ओझे सोळा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. अशी गळ कोणी घातली, अगदी मंडळातल्या ज्येष्ठांनीही, तर मुलांनी नाही म्हणावे आणि पालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

विद्यापीठांत शिकण्यासाठी नुकतेच आलेले विद्यार्थी इथे बसले आहेत, त्यांच्यासाठी थोडे वेगळे बोलते. व्हिसावर असताना ‘पगार नाही म्हणजे नियमही नाही’ हा समज धोक्याचा आहे. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या संदर्भात स्वयंसेवा आणि बिनपगारी काम या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. करार, ठरलेली बांधील कर्तव्ये आणि पगारी कर्मचाऱ्याच्या जागी बसणे असे स्वरूप असेल, तर ते बिनपगारी काम ठरते आणि आठवड्याच्या कामाच्या तासांच्या मर्यादेत मोजले जाते. अमेरिकेतही एरवी पगार देऊन करून घेतले जाणारे काम विद्यार्थ्याकडून फुकट करून घेतले, तर ते स्वयंसेवा म्हणून खपत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या एखाद्या कंपनीने ‘अनुभव मिळेल’ म्हणून बोलावले, तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. ऑन्टारिओच्या शालेय नियमांतही पगारी माणसाचे काम समाजसहभागात धरले जात नाही. तत्त्व तेच आहे.

विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊन सेवा करण्याची कल्पना नवी नाही. 1884 मध्ये सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल उभारला, तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरीब वस्तीला भेट देऊन परतण्याऐवजी तिथे राहावे, हाच त्यामागचा आग्रह होता. ते पाहून आलेल्या जेन ॲडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह 1889 मध्ये शिकागोत हल हाऊस सुरू केले. सुरुवातीला तिथे साहित्यवाचनाचे कार्यक्रम होत असत. पण शेजारच्या बायका कारखान्यात जाताना मुलांना खोलीत कोंडून जातात, हे राहायला आल्यावर दिसले आणि बालवाडी व पाळणाघर सुरू झाले. चार तासांची भेट देऊन परतणाऱ्याला ती कोंडलेली मुले दिसली नसती. आपल्याकडे ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. रात्रशाळा एका शनिवारी चालत नाही, हे निराळे सांगायला नको.

संस्थेशी पहिला संपर्क विद्यार्थ्याने स्वतः करावा. आईने लिहिलेला ईमेल दोन ओळींत ओळखू येतो. पत्रात आपले वय, कोणता वार मोकळा आहे, किती महिने येणे शक्य आहे आणि परीक्षांमुळे कधी येता येणार नाही, हे स्पष्ट लिहावे. ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहिणाऱ्यापेक्षा ‘गुरुवारी चार ते सहा, मेअखेरपर्यंत’ असे लिहिणाऱ्याला समन्वयक आधी उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे. आठवड्याभरात उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे, कारण लहान संस्थांत ईमेल पाहणारा माणूसही बहुधा स्वयंसेवकच असतो. काम न आवडल्यास सोडण्यात गैर काही नाही, पण सांगून, पुढच्या माणसासाठी वेळ देऊन सोडावे. शिफारसपत्राची अपेक्षा असेल तर तीही सुरुवातीला मोकळेपणाने सांगावी. त्यात कमीपणा नाही. ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या’ ही म्हण आपल्या घरांत अजून ऐकू येते. ती ऐकवणाऱ्यांना या पत्राचे मोल बहुधा पटेल.

शेवटी आपल्या मंडळाविषयी, आणि हे काहींना रुचणार नाही. कार्यक्रमात खुर्च्या लावल्याबद्दल आपण मुलांना सढळ हाताने तासांची प्रमाणपत्रे देतो. दोन तास उभे राहिलेल्याला सहा तास लिहून दिल्याचेही मी पाहिले आहे. ही प्रमाणपत्रे प्रत्यक्ष झालेल्या कामापुरतीच द्यावीत आणि शाळेने मान्य केलेल्या कामांत ते बसते का, हे आधी तपासावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. मंडळाने याहून उपयोगी असे एक काम करावे, असेही त्यात म्हटले आहे: परिसरातील चार-पाच संस्थांच्या समन्वयकांशी बोलून, त्यांना कोणत्या वारी आणि कोणत्या महिन्यांत माणसे कमी पडतात हे विचारावे आणि ती माहिती मुलांपर्यंत पोहोचवावी. भारतातल्या कार्यक्रम अधिकाऱ्याची उणीव त्याने थोडीतरी भरून निघेल.

मध्यंतरानंतर मी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलापाशी बसणार आहे. तिथे ठेवलेल्या तक्त्यात नाव, वय, मोकळा वार आणि कोणत्या महिन्यापर्यंत येणार, असे चार रकाने आहेत. अठराच्या आतल्या मुलांनी नाव लिहिताना पालकांपैकी एकाला सोबत आणावे, कारण बहुतेक संस्था त्यांची संमतीची सही मागतात. रकाने मात्र मुलांनी स्वतःच्या हाताने भरावेत.