गोल्फ: छिद्राकडून मागे

कातरलेल्या हिरवळीत दिसणारे हे छिद्र १०८ मिलिमीटर रुंद आहे. त्यात जाणारा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असावा आणि त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा नियम आहे. म्हणजे छिद्र चेंडूच्या सुमारे अडीचपट रुंद असते. जवळून पाहिले तर एवढी जागा पुरेशी वाटते, पण चारशे मीटर दूर उभे राहिले की छिद्र दिसेनासे होते आणि दिसतो तो फक्त त्यात रोवलेला झेंडा. नवशिक्याची नजर साहजिकच त्या अंतरावर खिळते आणि पहिल्याच दिवशी त्याचा हात पिशवीतल्या सर्वांत लांब क्लबकडे (चेंडू मारण्याच्या काठीकडे), म्हणजे ड्रायव्हरकडे जातो. आमच्या मते हा खेळ उलट्या दिशेने, छिद्राकडून मागे सरकत शिकावा, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

गोल्फमध्ये ‘होल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक म्हणजे हे छिद्र आणि दुसरा म्हणजे टीपासून (जिथून पहिला फटका मारतात त्या जागेपासून) या छिद्रापर्यंतचा संपूर्ण पट्टा. असे १८ पट्टे मिळून एक फेरी होते. (स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे पूर्वी २२ होलची फेरी होती, १७६४ मध्ये ती १८ वर आली आणि पुढे तीच संख्या सर्वत्र रूढ झाली.) प्रत्येक होलसाठी अपेक्षित असलेले फटके म्हणजे पार, आणि ते ठरवताना चेंडू ग्रीनवर (छिद्राभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर) पोहोचल्यानंतरचे दोन फटके नेहमी गृहीत धरलेले असतात. १८ होलवर हे फटके ३६ होतात, म्हणजे ७२ पारच्या मैदानावर नेमके निम्मे. ड्रायव्हर मात्र साधारणतः चौदाहून अधिक वेळा हाती येत नाही, कारण ३ पारच्या छोट्या होलवर त्याची गरज सहसा पडत नाही.

म्हणून सुरुवात पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू छिद्राकडे घरंगळवण्याच्या क्लबने करावी. छिद्रापासून एक मीटरवर चेंडू ठेवून, मनगटे स्थिर राखून, खांद्यांच्या हालचालीने पटर लंबकासारखा मागेपुढे न्यावा. हे जमू लागले की दहा मीटरवर जावे. तिथे लगेच लक्षात येते की दिशा थोडी चुकली तर फारसे बिघडत नाही, पण वेगाचा अंदाज चुकला की चेंडू दोन-तीन मीटर पुढे तरी जातो किंवा तेवढाच अलीकडे राहतो. गवताचा उतार वाचण्याची सवयही इथेच लागते, कारण चेंडूचा वेग मंदावत जातो तसा उतार त्याला अधिक ओढतो.

ग्रीनच्या कडेवर आल्यावर या खेळातला सर्वांत मोठा गैरसमज समोर येतो. चेंडू हवेत उडायला हवा, म्हणून नवशिका क्लब चेंडूखाली घालून त्याला उचलू पाहतो. शरीराचा भार मागच्या पायावर राहतो आणि क्लब एकतर आधी जमिनीत घुसतो किंवा चेंडूच्या माथ्याला लागून त्याला सरपटत पाठवतो. वस्तुतः चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या तिरप्या पृष्ठभागाकडे, म्हणजे लॉफ्टकडे सोपवलेले असते. ड्रायव्हरचा लॉफ्ट सुमारे १० अंश, सात नंबरच्या आयर्नचा (मधल्या पल्ल्याच्या क्लबचा) ३० अंशांच्या आसपास आणि सँड वेजचा (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबचा) सुमारे ५६ अंश असतो. भार पुढच्या पायावर ठेवून वेज किंचित खालच्या दिशेने चेंडूवर आणला की चेंडू त्या तिरप्या पृष्ठभागावरून आपोआप वर जातो. खाली मारल्याने वस्तू वर जाते, हे मनाला पटायला वेळ लागतो. हाताला ते पटेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये.

त्यानंतरच पूर्ण स्विंग. क्लब धरताना दोन्ही हात एकच काम करतील अशा रीतीने जुळवायचे असतात: करंगळी दुसऱ्या हाताच्या बोटांवर टेकवून, तर्जनीत गुंतवून किंवा दहाही बोटे दांड्यावर ठेवून. तिन्ही पद्धती योग्य आहेत. घट्ट आवळलेली मूठ मात्र कोणत्याही पद्धतीत चालत नाही. ताकद दंडातून नव्हे, तर कंबर आणि खांद्यांच्या वळण्यातून येते. ड्रायव्हिंग रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) कृत्रिम गवताच्या चटयांवर थोडा अविश्वास ठेवावा, कारण चेंडूच्या मागे टेकलेला क्लब त्यांवरून घसरून पुढे जातो आणि फटका चांगला बसल्याचा भास होतो. खरे गवत अशी चूक लपवत नाही.

साहित्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. नियमानुसार पिशवीत १४ क्लब ठेवता येतात. नवशिक्याला पटर, दोन वेज, दोन-तीन आयर्न आणि एक हायब्रिड (लांब पल्ल्याचा क्लब) पुरेसे होतात, आणि ते वापरलेले असले तरी हरकत नाही. महागडे चेंडू घेऊ नयेत, ते हरवणार आहेत. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात; त्यानंतर एका फटक्याचा दंड स्वीकारून आधीच्या जागेवरून पुन्हा खेळावे लागते.

पहिली फेरी नऊ होलची आणि सर्वांत पुढच्या टीवरून असावी. चेंडू कोणाच्या दिशेने निघाला, तर संकोच न करता ‘फोर!’ असे ओरडावे. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर पडताना वाळू दाताळ्याने सारखी करावी, ग्रीनवर चेंडू पडून झालेला खळगा बुजवावा, आणि फटके फारच वाढले तर चेंडू उचलून पुढच्या होलकडे निघावे. फटक्यांच्या संख्येची लाज बाळगण्याचे कारण नाही: २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत ५४ पर्यंत हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार फटक्यांची सवलत) मिळू शकतो, म्हणजे प्रत्येक होलवर तीन जादा फटके.

चेंडू छिद्रात पडला की ग्रीनवर उभे राहून फटके मोजत बसू नये. आकडा पुढच्या टीवर जाऊन लिहावा. मागचा गट फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या गवताच्या पट्ट्यावर) थांबलेला असतो.