पांढरी काठी आणि आपला चौक

नमस्कार, श्रोतेहो.

जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियान सुरू होतं आणि आमच्यासारख्या सेवाभावी क्लबांची लगबग वाढते. हेल्मेट वाटायची, शाळांमधून चित्रकला स्पर्धा घ्यायच्या, चौकात फलक घेऊन उभं राहायचं. पुण्यातल्या आमच्या क्लबच्या सभेत हीच यादी पुढे आली. ती चुकीची आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं दगावली, त्यातली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. एका हेल्मेटनं एक घर वाचतं. पण त्याच वर्षी 32 हजारांहून जास्त पायी चालणारी माणसंही गेली. त्यांना हेल्मेटचा काय उपयोग? त्यांना चालायला धड रस्ता हवा. सभेत मी हे बोललो आणि मग एक जुनी हकीकत सांगितली. ती आज तुम्हालाही सांगतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात पिओरिया नावाचं शहर आहे. 1930 साली तिथल्या लायन्स क्लबचे अध्यक्ष जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिलं. त्याच्या हातात काळी काठी होती. काळ्या रस्त्यावर ती गाडीवाल्यांना दिसतच नव्हती, आणि तो बिचारा गाड्यांच्या मध्ये अडकून पडला होता. बोनहॅम यांनी ही गोष्ट क्लबच्या सभेत मांडली. काठ्या पांढऱ्या रंगवायच्या आणि त्यावर लाल पट्टा ओढायचा, असं ठरलं. पांढऱ्या काठीची कल्पना इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या एका गृहस्थांना त्याआधीच सुचली होती, हेही सांगायला हवं. पण पिओरियाच्या मंडळींचं मोठेपण मला दिसतं ते पुढच्या पावलात. काठ्या वाटून, फोटो काढून ते घरी गेले नाहीत. ते नगरपालिकेकडे गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहरानं नियम केला की पांढरी काठी घेतलेला माणूस रस्त्यावर आला तर आधी जाण्याचा हक्क त्याचा, गाडी थांबलीच पाहिजे. काठी म्हणजे क्लबनं दिलेली मदत होती, नियम मात्र शहरानं उचललेली जबाबदारी होती. पहिलीशिवाय दुसरी आली नसती, हे खरं. पण दुसरी आली नसती तर पहिली किती पुरली असती?

सभेतून हाच प्रश्न घेऊन आम्ही रविवारी सकाळी आमच्या भागातल्या एका चौकात गेलो. क्लबमध्ये एक निवृत्त बांधकाम अभियंते आहेत, त्यांनी मोजपट्टी आणली होती. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून एक संस्था आहे, तिच्या मार्गदर्शनाप्रमाणे फुटपाथवर निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, आणि त्याची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. आमच्या फुटपाथच्या ऐन मधोमध विजेचा डीपी उभा, त्याला टेकून दोन स्कूटर, पलीकडे पेव्हर ब्लॉक उखडलेले. आम्ही मोजमाप करत असतानाच भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी आल्या. डीपीपाशी थांबल्या, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, स्कूटरच्या सीटवर हात टेकून एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि सरळ गाड्यांच्या रस्त्यावरून चालू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. रोजचंच आहे ते. मला त्याचंच फार वाईट वाटलं.

मग सिग्नल. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून पादचाऱ्यांचा वेळ काढायची पद्धत आहे. 24 मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबानं 20 सेकंद झाले. पण गुडघे दुखणारं माणूस सेकंदाला 0.8 मीटर चालत असेल, तर त्याला 30 सेकंद लागतात. म्हणजे हिरवा दिवा गेला तेव्हा ते रस्त्याच्या दोन तृतीयांश अंतरावर असतं, आणि समोरच्या गाड्या सुटलेल्या असतात. अशा वेळी दुभाजकावर थांबायला जागा हवी. आमच्या चौकात झेब्रा पट्टे जिथे दुभाजकाला भिडतात, तिथे झाडांच्या कुंड्या आहेत.

डावीकडचं वळणही पाहा. कोपरा जितका मोठ्या गोलाईचा, तितकी गाडी वेग न कमी करता वळते. त्याच कोपऱ्याची गोलाई कमी केली, तर चालकाला ब्रेक लावावाच लागतो, त्यासाठी हवालदार लागत नाही. आणि वेग हाच तर कळीचा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, गाडीचा वेग ताशी 50 वरून 65 किलोमीटरवर गेला की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. माणसं वर्दळीनं चालतात तिथे ताशी 30 ची मर्यादा असावी, असा तिचा आग्रह आहे.

सभेत एकानं विचारलं, अपघातग्रस्ताला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल का? नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातलं कलम 134 ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचं की नाही, हेही त्याच्याच मर्जीवर आहे. बिनधास्त मदत करा.

फुटपाथ मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, हेही मनात पक्कं असू द्या. अडथळा नसलेल्या फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये म्हटलं आहे.

आता आमच्या क्लबनं ठरवलंय की यंदा हेल्मेट थोडी कमी वाटू, पण हा एक चौक सोडायचा नाही. फोटो, मापं आणि सिग्नलचे सेकंद असा कागद करून क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत द्यायचा, पोच घ्यायची, महिन्यानं पुन्हा जायचं. पुणेकरांना आणखी एक वाट आहे. 2006 पासून महापालिका नागरिकांकडून आपापल्या प्रभागातली कामं सुचवून घेते, आणि ती अंदाजपत्रकात धरते. एक काम पाच लाखांपर्यंतचं सुचवता येतं. फुटपाथची दुरुस्ती, कोपऱ्यावरचा उतार, दुभाजकात थांबायला जागा, ही सगळी तेवढ्यात बसणारी कामं आहेत. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात. तोवर तुमच्या चौकाची मापं घेऊन ठेवा, आणि जमलं तर शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांना बरोबर न्या. कुठे पाय अडतो, ते त्यांच्याइतकं नेमकं कोणी दाखवणार नाही.

नमस्कार.